सात वर्षं आणि सात दिवस

विल्फ क्रॅबट्री जादूटोण्याच्या विरोधात कधीच नव्हता. त्याच्या बायकोनं, म्यूरिएलनं, वयाच्या साठाव्या वर्षी लायब्ररीतल्या फलकावरची चिठ्ठी वाचून चेटकीण व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "कुठल्या वारी?"

"दर पौर्णिमेला. शिवाय वर्षातून आठ सण."

"पौर्णिमा गुरुवारी आली तर? गुरुवारी माझे डार्ट असतात."

"मग जा की डार्टला. तुला कुणी बोलावलंय?"

पुढच्या अकरा वर्षांची सगळी अडचण या शेवटच्या प्रश्नात होती, पण तेव्हा ती दोघांच्याही लक्षात आली नाही.

ती चिठ्ठी मीच लावली होती. थ्रॉसलडेनच्या लायब्ररीत फलकावर काय लावायचं आणि काय नाही हे ठरवणं माझ्या कामात मोडायचं. 'निसर्गाचे आठ सण, जुन्या देवांच्या संगतीत. नवीन सभासदांचं स्वागत. चहाची सोय आहे.' हरवलेल्या मांजराची जाहिरात आणि जुन्या बाबागाडीची विक्री यांच्यामध्ये ती नीट बसली. कुणी तक्रार केली नाही. आमच्या गावात मेथडिस्टांची तीन चर्चं आहेत आणि त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नाहीत. चेटकिणींशी भांडायला कुणाकडे वेळ शिल्लक नव्हता.

विल्फ पंधराव्या वर्षी गिरणीत लागला आणि त्रेपन्नाव्या वर्षी गिरणीनंच त्याला सोडलं. तो जॉबर होता. चाळीस माग त्याच्या ताब्यात. कुठलाही अडला की विणकरीण हात वर करायची आणि विल्फ पाना घेऊन पोचायचा. मागांच्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नसे, त्यामुळे खात्यातली सगळी माणसं ओठांवरून बोलायची आणि ओठांवरूनच वाचायची. म्यूरिएलला त्यानं लग्नाचं विचारलं ते असंच, सहा माग पलीकडून, आवाज न काढता. तिनं उत्तर देण्याआधी मधल्या पाच विणकरणींनी त्याचं अभिनंदन केलं होतं. गिरणी बंद पडल्यावर तो शाळेत शिपाई झाला, मग निवृत्त. गिरणीत आता सदनिका आहेत. तिथं राहणारे लोक जाड भिंतींचं कौतुक करतात, कारण शेजारचं काहीही ऐकू येत नाही.

चेटकिणींच्या मंडळाचं कामकाज दोन प्रकारचं होतं. सण मोकळे होते: कुणाचे नवरे, कुणाच्या बहिणी, टेबलं उचलायला लागणारी माणसं, सगळी येऊ शकत. पौर्णिमेची बैठक मात्र फक्त दीक्षा घेतलेल्या बारा जणांची. ती हेदर ओल्डरॉइडच्या घरी, मागच्या खोलीत, पडदे लावून होई, आणि तिथं काय चालतं ते बाहेर सांगायचं नाही अशी शपथ होती. म्यूरिएलला गाडी चालवता येत नव्हती. म्हणून विल्फ तिला सोडायचा आणि बैठक संपेपर्यंत गल्लीत गाडीत बसायचा. थर्मासमध्ये चहा, डब्यात चीज-कांदा भरलेली पेस्ट्री, मांडीवर शब्दकोडं. अशी चार वर्षं गेली.

पाचव्या वर्षी त्यानं मला लायब्ररीत विचारलं, "दीक्षा घ्यायला काय लागतं, त्याचं एखादं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

"डार्टचं काय झालं?"

"डार्ट आहेत. पण बघा, बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. गिरणीत दुपारी कुणाच्या डब्यात काय होतं हेसुद्धा आम्ही एकमेकांना सांगायचो. आता ती त्या घरातून बाहेर येते, गाडीत बसते, आणि हसत असते. मी विचारतो, काय झालं गं? तर म्हणते, काही नाही. काही नाही असं कसं? अडीच तास आत असते."

मी पुस्तक दिलं. त्यानं ते दुरुस्तीच्या पुस्तकासारखं वाचलं, म्हणजे आकृत्या आधी.

नियम सोपा होता. उमेदवारानं एक वर्ष आणि एक दिवस अभ्यास करायचा, आठही सणांना हजर राहायचं, आणि मुदत संपली की मुख्य पुजारिणीनं निर्णय द्यायचा. मुख्य पुजारीण म्हणजे हेदर. मंडळातलं तिचं नाव चांदणससा होतं आणि समारंभात तिला 'लेडी' म्हणायचं असे. पगारासाठी ती नगरपालिकेच्या पार्किंग विभागात होती. नियमाच्या बाबतीत ती आपपर जाणत नसे. एकदा घाईत तिनं स्वतःची गाडी दुहेरी पिवळ्या रेघेवर लावली, आणि परत आल्यावर स्वतःच स्वतःला पावती फाडली. गावात याबद्दल तिला मान होता. मंडळातही प्रत्येक उमेदवाराची एक फाईल असे, आणि त्या सात वर्षांत उमेदवार एकच होता.

पहिल्या मुदतीत विल्फचं घोडं साउइनला अडलं. हा ऑक्टोबरअखेरचा सण, मेलेल्या माणसांचा. त्यांच्यासाठी एक ताट वाढतात, एक खुर्ची रिकामी ठेवतात, आणि सगळं जेवण न बोलता होतं. रिकाम्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतोय हे विल्फच्या नजरेत आलं. पाहुण्याला डुगडुगत्या खुर्चीत बसवणं त्याला बरं वाटेना. त्यानं खाली वाकून खिशातल्या पुठ्ठ्याची घडी पायाखाली सारली, मग खुर्चीत बसून पाहिलं. समोर ताट होतं, तो जेवू लागला. सगळे गप्प होते, त्यामुळे त्याला कुणी काही सांगू शकलं नाही. म्यूरिएल टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून ओठांनी म्हणाली, "उठ, ते आईचं आहे." विल्फ ओठांनीच म्हणाला, "तुझ्या आईनं कधी ताट संपवलंय?" यावर म्यूरिएलला हसू फुटलं, आणि सातव्या शतकापासून चालत आलेली शांतता, असं हेदरचं म्हणणं, भंग पावली.

दुसऱ्या मुदतीत यूल. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी ओंडका पेटवतात, सूर्य परत यावा म्हणून. ओंडका आणायचं काम विल्फकडे आलं. त्यानं गिरणीतल्या जुन्या मागाचा बीचच्या लाकडाचा दांडा आणला. चाळीस वर्षं त्यात तेल मुरलेलं होतं. सूर्य इतक्या लवकर परत येईल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. त्या वर्षी देवाचं काम करणारा ग्लिन, जो एरवी गाडी शिकवतो, त्याची दाढी गेली. ती खोटी होती हे नशीब. पण ती चिकटवलेली होती.

मग लामास, ऑगस्टचा, पहिल्या कापणीचा. माणसाच्या आकाराची पावरोटी करतात आणि ती मोडताना पुजारीण विचारते, "आमच्यासाठी कोणी आपला देह दिला?" यावर शांत राहून धान्याच्या राजाचं स्मरण करायचं असतं. विल्फ म्हणाला, "कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या एरिकनं, पोरी. सकाळी सहालाच तयार होता."

फाईलमध्ये दोन नोंदी झाल्या. एक उत्तर दिल्याबद्दल, एक 'पोरी' म्हटल्याबद्दल.

अशा सहा मुदती गेल्या. प्रत्येक वेळी हेदर त्याला चहाला बोलवी, फाईल उघडी आणि म्हणे, "विल्फ, तुमची श्रद्धा दिसते. पण पुन्हा एकदा करू या." आणि विल्फ म्हणे, "बरं." अभ्यास मात्र त्याचा पक्का होता. चार दिशांची चार तत्त्वं, आठ सणांची झाडं, कुठल्या कामाला कुठली वनस्पती, सगळं त्यानं वह्यांमध्ये उतरवून काढलं होतं, प्रत्येक मुदतीला नवी वही. जुन्या वहीवरून का उतरवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तसं केलं तर ती मुदत मोजायची कशी?"

सातवी मुदत बेल्टेननंतरच्या सोमवारी संपत होती. बेल्टेन म्हणजे मेचा सण, उन्हाळ्याच्या तोंडावरचा. खरा एक तारखेचा, पण मंडळ तो जवळच्या शनिवारी करायचं, कारण बारापैकी आठ जण नोकरी करत. जागा क्रिकेट क्लबच्या पॅव्हेलियनमागची. क्लबची अट एवढीच की खेळपट्टीवर पाय ठेवायचा नाही, आणि ही अट देवांनाही लागू होती.

बेल्टेनला रिबिनी धरून ज्याच्याभोवती नाचतात, तो खांब त्या वर्षी नवा लागणार होता. जुना बुडातून कुजला होता आणि इतका कलला होता की त्याच्याभोवती कुणी नाचत नसे. वरून रिबिनी नुसत्या लोंबायच्या, माणसं लांबून गाणी म्हणायची, आणि वारा असेल तर नाच आपोआप व्हायचा. हेदरनं काम विल्फला दिलं. लायब्ररीत पुस्तक परत करायला आली तेव्हा मला म्हणाली, "यात त्यांच्याकडून काही चुकणार नाही. लाकूडच तर आहे." तिला मनातून त्याला घ्यायचं होतं, असं मला वाटतं. पण मनातल्या गोष्टीला फाईलमध्ये रकाना नव्हता.

विल्फनं लार्चचा सरळसोट बुंधा आणला, सोलला, तासला, घासला. माथ्याला लाकडी कडं बसवलं, कड्याला सोळा रिबिनी, आठ तांबड्या, आठ पांढऱ्या. दोन आठवडे आधी शनिवारी तालीम ठेवली. मंडळाचे बारा आणि घरचे चार असे सोळा जण रिबिनी धरून उभे राहिले, आणि विल्फ मध्ये, खांबापाशी.

"आता ऐका," तो म्हणाला. "तांबडे आठ इकडून, पांढरे आठ तिकडून. समोरून येणाऱ्याच्या एकदा वरून जायचं, पुढच्याच्या खालून. वर, खाली, वर, खाली. खांबावर सुरेख वीण पडते."

"तिकडून म्हणजे?" हेदरनं विचारलं.

"म्हणजे उलटे."

सोळाच्या सोळा जणांनी रिबिनी खाली केल्या.

"विल्फ," हेदर म्हणाली, "वर्तुळात उलटं कुणी चालत नाही. सूर्य जातो तसंच चालायचं, डावीकडून उजवीकडे. उलटं चालणं हे मोडायचं असेल तेव्हा. उलटं फिरलं की जे केलेलं असतं ते सुटतं, रद्द होतं. हे तुम्ही सात वेळा वाचलंय."

"वाचलंय की. पण ताण्याला बाणा आडवा जायला नको? सोळाच्या सोळा एकाच अंगानं गेले तर त्याला वीण म्हणत नाहीत, पोरी. पाय मुरगळल्यावर गुंडाळतात ते म्हणतात."

"'पोरी' नाही, विल्फ."

"लेडी."

"श्रद्धेनं केलं की होतं."

"माग कुठं श्रद्धेवर चालतो? माझ्या अडतीस वर्षांत—"

"काका," ग्लिन मध्येच म्हणाला, "तुमची मुदत कधी संपतेय?"

"बेल्टेननंतरच्या सोमवारी."

"मग कशाला?"

विल्फनं तोंड मिटलं. तालीम तिथंच थांबली, कारण नाच कसा होणार याबद्दल आता काही शंका उरली नव्हती. हेदरनं शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. रिबिनीचं टोक प्रत्येकानं मनगटाला गाठ मारून बांधायचं आणि गाठ मारताना वर्षाची इच्छा मनात धरायची. सण पुरा होईपर्यंत गाठ सोडायची नाही. जो सोडेल किंवा मधेच थांबेल, त्याच्यामुळे सगळ्यांचं वर्ष फुकट.

सणाच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे खुर्च्या पोचवायला गेले, तेव्हा म्यूरिएल ओटमीलची बिस्किटं भाजत होती आणि विल्फ रिबिनींना इस्त्री करत होता.

"एक दुपार, विल्फ," ती म्हणाली. "एकच दुपार गप्प बसायचंय. गिरणीत अडतीस वर्षं गप्प होतास ना?"

"गप्प कुठं होतो? ऐकू जात नव्हतं फक्त."

"मग समज, उद्याही ऐकू जात नाहीये. काय वाटेल ते होऊ दे, तू खांब धरायचास. सोमवारी हेदर फाईल उघडेल, तिच्यात काही नसेल. पुढच्या पौर्णिमेला तू माझ्याबरोबर आत येशील."

"आणि वीण?"

"वीण गेली खड्ड्यात. मला कंटाळा आलाय रे. आत बसून सारखं वाटत राहतं, हा बाहेर गारठला असेल."

विल्फनं हातातल्या रिबिनीवर इस्त्री तीनदा फिरवली.

शनिवारी ऊन पडलं, जे आमच्याकडे धार्मिक घटनेपेक्षा दुर्मीळ असतं. पॅव्हेलियनच्या पुढं क्लबचा मोसमातला पहिला सामना चालू होता, मागं आम्ही. मी खुर्च्या मांडून त्यांतल्याच एकीवर बसले होते. हेदरनं काळ्या मुठीच्या सुरीनं हवेत वर्तुळ आखलं, चारी दिशांना बोलावलं आणि सुरी कमरेला खोचली. ग्लिनच्या डोक्यावर हरणाची शिंगं होती. सोळा जणांनी मनगटाला गाठी मारल्या. विल्फ खांबाच्या बुडाशी तिपाईवर बसला, दोन्ही हातांनी खांब कवटाळून. नवा खांब हलतो, कुणाला तरी धरावाच लागतो. ढोल वाजू लागला.

पहिल्या तीन प्रदक्षिणा फारच सुंदर झाल्या. सूर्य जसा जातो तसे सोळा जण गात, हसत फिरत होते आणि रिबिनी माथ्यावर गुंडाळल्या जात होत्या. पाचव्या फेरीला वर्तुळ निम्मं झालं. गाणं चालूच होतं. सातव्या फेरीला पुढच्याची टाच मागच्याच्या पायाखाली येऊ लागली. कुणीतरी आता थांबेल असं प्रत्येकाला वाटत असावं. पण थांबणाऱ्यामुळे सगळ्यांचं वर्ष फुकट जाणार होतं, आणि थ्रॉसलडेनमध्ये माणूस दुसऱ्याच्या पेन्सिलचं टोक मोडलं तरी आठवडाभर माफी मागतो. म्हणून सगळे फिरत राहिले. नवव्या फेरीला फिरणं संपलं, कारण फिरायला जागा संपली. सोळा माणसं हात वर करून खांबाला चिकटली होती, आणि त्यांच्या पोटांमध्ये कुठंतरी विल्फ होता.

ढोलवाल्यानं दोन ठोके जास्तीचे मारले आणि थांबला.

"कुणी घाबरू नका," हेदरचा आवाज आला. तिचा गाल लार्चला टेकलेला होता. "आणि कुणी बोलू नका. विशेषतः विल्फ."

"त्यांनी तोंड उघडलेलं नाही," ग्लिनच्या शिंगांखालून कुणीतरी म्हणालं.

"गाठी सोडायच्या का?"

"सण पुरा झालेला नाही."

"मग पुरा करा ना, बाई!"

"वर्तुळ बंद करायला चारी दिशांना जावं लागतं. मला एकाही दिशेला जाता येत नाहीये."

"कापा मग. सुरी आहे की तुमच्या कमरेला."

यावर हेदरनं, आहे त्या स्थितीत, नियम समजावून सांगितला. काळ्या मुठीची सुरी फक्त हवा कापण्यासाठी असते. तिनं वस्तू कापली की ती बाटते. वस्तू कापायला पांढऱ्या मुठीची सुरी वेगळी असते. ती गाडीत होती. मी उठून आणायला निघाले, तर हेदरनं मला थांबवलं: आखलेल्या वर्तुळात बाहेरच्या माणसाला मधेच येता येत नाही. मी परत बसले. मी लायब्ररीत नोकरी केलेली आहे; नियमापुढं बसता येतं मला.

तिकडं सामना थांबला होता. सीमारेषेवरचा खेळाडू आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि पंच त्याला काही म्हणत नव्हते, कारण तेही आमच्याकडेच बघत होते.

अशी दहा मिनिटं गेली. म्यूरिएल त्या घोळक्यात नेमकी विल्फच्या तिपाईसमोर अडकली होती. तिच्या कमरेचा सांधा मागच्या वर्षी बदललेला होता आणि डॉक्टरांनी तिला फार वेळ उभं राहू नको म्हणून सांगितलं होतं. हात डोक्यावर बांधून उभं राहण्याबद्दल डॉक्टरांना सुचलं नसावं. मला माणसांच्या फटीतून तिचा चेहरा दिसत होता. तो पांढरा पडला होता. ती खाली बघून ओठांनी बोलत होती. मला ओठ वाचता येत नाहीत, विल्फनं ते मला नंतर सांगितलं.

"विल्फ, कंबर."

"दिसतंय," विल्फचे ओठ म्हणाले. "तू म्हणालीस काय वाटेल ते होऊ दे."

"म्हणाले होते."

"सोमवार आहे."

"माहितीये रे मला सोमवार आहे."

म्यूरिएल हेदरसारखीच त्या मंडळात शपथ घेतलेली होती. तिला बोलता आलं असतं, पण बोलून करायचं काय ते तिला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेला माणूस तिथं एकच होता, आणि त्याची फाईल कोरी राहायला दोन दिवस उरले होते.

विल्फ उठला. अडतीस वर्षं चाळीस मागांच्या खडखडाटात बुडून गेलेला तो आवाज होता, आणि थ्रॉसलडेनला तो पहिल्यांदाच ऐकू आला.

"उलटे फिरा!"

"विल्फ!" हेदर ओरडली.

"पाठी, पाठी! ग्लिन, शिंगं खाली घे. सगळे डावीकडं. ढकलू नका. एक पाऊल, एक पाऊल. म्यूरिएल, माझ्या खांद्यावर भार टाक."

आणि सोळाही जण उलटे फिरले. श्रद्धेचा प्रश्न नव्हता. त्या आवाजात नाही म्हणायला जागाच नव्हती. हेदरसुद्धा फिरली, तोंडानं नको नको म्हणत, पण तिचं मनगट बांधलेलं होतं. एकेक फेरी उलगडत गेली, वर्तुळ मोठं होत गेलं. विल्फनं आपली तिपाई म्यूरिएलच्या खाली सरकवली आणि तिची रिबीन तिच्या डोक्यावरून स्वतः फिरवत नेली. नऊ फेऱ्यांनंतर सोळा रिबिनी खांबावरून सरळ सुटून आल्या, इस्त्रीसकट.

सीमारेषेवरच्या खेळाडूनं टाळ्या वाजवल्या. तो मेथडिस्ट होता.

हेदरनं मनगट चोळलं. मग ती विल्फसमोर आली. तिचे डोळे ओले होते, ते गालावरच्या लार्चच्या चिकामुळेही असेल.

"मी तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

"वर्तुळात उलटं फिरवलंत. सगळ्यांना. हे मला लिहावं लागेल, विल्फ. मला नाही लिहायचं, पण—"

"लिही, पोरी. तुझं काम आहे ते."

तो रिबिनी गोळा करायला वळला. सात वर्षं 'बरं' म्हणणाऱ्या माणसानं या वेळी 'बरं' म्हटलं नाही, एवढाच फरक. तांबड्या एका हातात, पांढऱ्या दुसऱ्या हातात, असा तो त्या लावत राहिला, आणि एक पांढरी तांबड्यांत घातली, जे त्यानं शुद्धीवर असताना कधी केलं नसतं.

"हेदर," तिपाईवरून म्यूरिएल म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा ना."

"उलटं फिरलं की काय होतं म्हणालीस तू?"

"जे केलेलं असतं ते सुटतं. रद्द होतं."

"आजचंच फक्त? का आधीचंही?"

हेदरनं विचार केला. "जे जे त्या वर्तुळात बांधलंय ते सगळं. पुस्तकात मर्यादा दिलेली नाही."

"माझी दीक्षा या वर्तुळात झाली. याच मैदानात."

"हो."

"ग्लिनची? तुझी स्वतःची?"

पार्किंगच्या त्या पावतीवरून गावात हेदरला मान का होता ते त्या मिनिटभरात आम्हाला पुन्हा दिसलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती की दीक्षा वेगळी, नाच वेगळा. हेदर ओठ चावत उभी राहिली, एकदा आकाशाकडे बघून तिनं आपण किती फेऱ्या उलट्या मारल्या ते बोटांवर मोजलं, आणि तिचे खांदे खाली आले.

"बारा जणांची," ती म्हणाली. "सगळी गेली."

"मी एकोणीस वर्षं आहे मंडळात!" ग्लिन म्हणाला.

"होतात."

"मग आता?"

"आता एक वर्ष आणि एक दिवस. प्रत्येकानं. अभ्यास, आठ सण, फाईल." तिनं नाक पुसलं. "मुदत संपली की पलीकडच्या खोऱ्यातल्या मंडळाला बोलवावं लागेल. त्यांच्याकडे अजून पुजारीण आहे."

"आणि पौर्णिमेची बैठक?"

"दीक्षा झालेल्यांची असते ती. कुणी उरलेलंच नाही."

म्यूरिएलनं विल्फकडे बघितलं. विल्फ रिबिनींकडे बघत होता. ती पांढरी त्याला आत्ता सापडली. ती वेगळी काढायला त्याला बराच वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात हेदर लायब्ररीत आली आणि बुधवार संध्याकाळसाठी मागची खोली मागितली. मी नोंदवहीत 'नवशिक्यांचा वर्ग' असं लिहिलं. विद्यार्थी तेरा. 'शिक्षक' या रकान्यात काय लिहायचं विचारलं, तर म्हणाली, "तो रिकामाच ठेवा, मला अधिकार नाही."

पहिल्या बुधवारी मी खोली उघडायला गेले, तेव्हा बारा जण लहान मुलांच्या विभागातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसले होते आणि एकालाही धड काही आठवत नव्हतं. दीक्षा झाली की माणूस अभ्यास सोडतो. उत्तरेचं तत्त्व पाणी की पृथ्वी, यावर ग्लिन आणि हेदरचं वाजलं होतं. विल्फ शेवटी आला, सात वह्या घेऊन, आणि म्यूरिएलच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

"पृथ्वी," तो म्हणाला. "पाणी पश्चिमेला. पहिल्या वहीत पान तीन."

सगळे लिहू लागले. म्यूरिएलनं त्याच्या वहीत डोकावलं.

"ओस्ताराच्या सणाचं झाड कुठलं रे?"

विल्फनं पानावर पंजा ठेवला.

"अकरा वर्षं शिकलीस ना?"

"सांग की."

"मला कसं माहीत असणार? मी तर बाहेर होतो."

"हात काढ, म्हातारड्या," म्यूरिएल म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या जवळ सरकवली.